शून्य दाखवणारा मीटर

"धरा! धरा त्या कुत्र्याला! चिमणीला चावला!"

भिरभिरी जिन्याच्या कठड्यावरून घसरत होती. ओरडा ऐकताच ती अर्ध्यातून उडी मारून खाली आली आणि अंगणाकडे धावत सुटली. मागून शंक्या आणि टेकू. सुट्टी संपत आली तरी एकही धड साहस घडलं नाही, म्हणून जिन्यात तिघांची सभा चालली होती. ती सभा कुणी न संपवताच संपली.

अंगणातल्या नळापाशी टेकूची धाकटी बहीण चिमणी भोकाड पसरून उभी होती. एका हातात तिची लाडकी पत्र्याची बादली, पायात चप्पल नाही आणि फ्रॉकची किनार फाटलेली. समोर गालिचा होता. गालिचा म्हणजे इमारतीचा कुत्रा. कुणाच्याही दारासमोर अंग पसरून झोपायचा आणि लोक त्याला ओलांडून जायचे, म्हणून हे नाव. आज मात्र त्याचे केस ताठ उभे होते आणि तो नळाकडे बघून नुसता भुंकत होता.

सेक्रेटरीकाका एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पाण्याची बादली घेऊन आले. इमारतीतलं कोणतंही काम त्यांच्याशिवाय पार पडायचं नाही. म्हणजे इतर कुणी करायला गेलं, तर ते पार पडू द्यायचे नाहीत! त्यांनी बादलीभर पाणी गालिचाच्या अंगावर फेकलं. गालिचा केविलवाणा ओरडला आणि सायकलींच्या शेडमध्ये जाऊन कोपऱ्यात दडला.

"पाहिलंत? पाण्याला घाबरला!" काका ओरडले. "काल दुपारीही नळाजवळून असाच विव्हळत पळाला होता. वॉचमन, शेडचा दरवाजा लाव! पिसाळलाय तो!"

"चावला नाही, फ्रॉक ओढला!" चिमणी हुंदके देत म्हणाली. पण मोठी माणसं बोलत असताना चिमणीचं कोण ऐकतो!

काकांनी तिथूनच फोन लावला. कुत्री पकडणारी गाडी संध्याकाळी येणार होती.

"गाडी त्याला नेऊन काय करते?" भिरभिरीने विचारलं.

"पिसाळलेल्या कुत्र्याचं काय करतात? मुलांनी असले प्रश्न विचारू नयेत," काका म्हणाले आणि निघून गेले. उत्तर न देताही त्यांनी उत्तर दिलं होतं.

*

भिरभिरी बारा वर्षांची झाली तरी तिचे पाय एका जागी ठरत नसत. "जेवताना पाय हलतात आणि झोपेत हात," असं तिची आई म्हणायची. आज तर ती शेडपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून शेडपर्यंत अशा येरझारा घालत होती, की वॉचमनकाकांनाच चक्कर यायची वेळ आली.

शेवटी तिने घरातून स्टीलच्या वाटीत पाणी आणलं आणि जाळीखालून आत सरकवलं. "गालिचा, पी रे बाळा. मग मी सगळ्यांना दाखवते तू कसा शहाणा आहेस ते."

गालिचाने वाटीकडे पाहिलं. मग तो मागे सरकला, आणखी मागे, अगदी भिंतीला टेकेपर्यंत.

भिरभिरीने हात मागे घेतला. खरंच पिसाळला असेल तर? काका बरोबर असतील तर? लहान पिल्लू असल्यापासून ज्याला तिने आपल्या वाटणीची पोळी भरवली, त्याच्याबद्दल क्षणभर तिच्या मनात भीती आली आणि त्या भीतीची तिला लाज वाटली. ती तोंड फिरवून डोळे पुसत होती, तेवढ्यात शंक्या आला. शंक्याला जेवायला वाढलं, तरी तो आधी विचारायचा, "हे भांडं धुतलंय कशावरून?"

"मला एक शंका आहे," तो म्हणाला.

"तुला कधी नसते?"

"ऐक तर! गालिचा पाण्याला घाबरतो की नळाला?"

"दोन्ही एकच ना!"

"एकच कसं? परवा सकाळी तो डबक्यात लोळत होता. ते पाणीच होतं की सरबत? तो ओरडला तो फक्त नळापाशी. काल दुपारी आणि आज दुपारी. आणि आत्ता तू त्याला काय दिलंस? धातूची वाटी! नळही धातूचाच."

भिरभिरीचे हलणारे पाय थांबले. तेवढ्यात टेकूने घसा खाकरला. टेकूला दिसेल त्या वस्तूला टेकून उभं राहायची सवय होती. भिंत, खांब, दुसऱ्याचा खांदा, त्याला काहीही चालायचं.

"हसणार नसाल तर सांगतो. काल दुपारी मी पंपाच्या खोलीबाहेर त्या लोखंडी पाइपला टेकलो होतो. एक चप्पल निसटली होती. तर कोपराला अशा मुंग्या आल्या, की मी ताडकन उडालो! मला वाटलं, कोपर आपटलं असेल."

"तेव्हा पंप चालू होता?" शंक्याने विचारलं.

"हो! आत घूंऽऽ असा आवाज येत होता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंप रोज दुपारी आणि संध्याकाळी चालायचा. तो पाइप पंपाच्या खोलीतून थेट अंगणातल्या नळाकडे जायचा. इमारतीतली सगळी माणसं चपला घालून फिरायची. अनवाणी फिरायचा तो फक्त गालिचा.

आणि आज चिमणी!

"बापरे!" भिरभिरी ओरडली. "नळात वीज उतरतेय!"

*

सेक्रेटरीकाका ऑफिसात पंख्याखाली बसले होते. टेबलावर पिवळा मीटर ठेवला होता. नवा कोरा, लाल आणि काळ्या तारांचा. तो आल्यापासून काकांच्या हाताला चैन नव्हतं. आज सकाळीच त्यांनी अंगणातल्या एकूण एक स्कूटरची बॅटरी मोजून काढली होती. कुणी मागितलं नसतानाही!

मुलांचं ऐकून ते खो खो हसले. "नळात वीज? मग दिव्यातून पाणी येत असेल! पण चला, तुमची समजूत घालतो. माझा मीटर कधी खोटं बोलत नाही."

काकांनी पायात जाड रबरी बूट चढवले. भिरभिरीने हट्टच धरला म्हणून पंपही चालू केला. मग मीटरची काळी तार ओल्या मातीत खुपसली आणि लाल तारेचं टोक नळाला लावलं.

मीटरवर आकडा आला. शून्य.

"बघा! शून्य म्हणजे शून्य! शाळेत शिकवतात ना?" काकांनी मीटर तिघांच्या नाकासमोरून फिरवला. "आता पळा. आणि त्या कुत्र्याच्या जवळ जाऊ नका."

टेकूचा चेहरा पडला. "कदाचित माझं कोपरच आपटलं असेल," तो म्हणाला.

पण भिरभिरी धावत घरी गेली होती. तिने फोन उचलला आणि मावशीला लावला. मावशी एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे गावोगावचे मीटर तपासायला यायचे. बरोबर मोजतात की नाही, हे ठरवणाऱ्या माणसांपैकी ती एक होती. मीटरची शिक्षिकाच म्हणा ना!

भिरभिरीने एका दमात सगळं सांगितलं. ऐकताना मावशी एकदाही हसली नाही.

"पहिलं म्हणजे, त्या नळाला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तुम्हीही नाही. दोरी बांधा, खुर्च्या लावा, काय वाटेल ते करा, पण लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. मी निघतेच. दुसरं, तुमच्या काकांनी मीटर आधी कशावर तपासून घेतला?"

"म्हणजे?"

"अगं, वीज आहे हे आपल्याला नक्की माहीत असतं, तिथे मीटर आधी लावून बघायचा. त्याने बरोबर दाखवलं, तर मग शंकेच्या ठिकाणी लावायचा. आणि शेवटी पुन्हा माहितीच्या ठिकाणी. मधेच बिघडला नाही ना, हे बघायला. ज्याची परीक्षा घेतली नाही, त्या मीटरचं शून्य म्हणजे नुसतं शून्य. त्यावरून काही कळत नाही."

"मावशी, पण गाडी संध्याकाळी येणार! तुझ्याआधी आली तर?"

"तर तिला थांबवून धरायचं," मावशी म्हणाली. "तुझ्यासारखी कार्टी असल्यावर गाडीची काय बिशाद!"

*

नळाभोवती कपड्यांची दोरी बांधली गेली. दोरीच्या एका टोकाला खुर्ची आणि दुसऱ्या टोकाला टेकू.

"कशालाही टेकू नकोस!" भिरभिरीने तिसऱ्यांदा बजावलं.

"मग उभा कसा राहू?" टेकू कळवळून म्हणाला.

चिमणी बादली हलवत दोरीबाहेर घुटमळत होती. "माझ्या बाहुलीला आंघोळ घालायची आहे!"

"बाहुलीला आज ताप आलाय," शंक्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं. "तापात आंघोळ घालत नाहीत."

उन्हं कलली. भिरभिरी फाटकाच्या दांड्यावर चढायची, रस्ता बघायची, उतरायची, पुन्हा चढायची. मावशी दिसेना. शेडमधून गालिचा मधूनच कण्हायचा आणि तिचा जीव खालीवर व्हायचा. एकदा तर तिला वाटलं, शेडची कडी काढावी आणि त्याला पळवून लावावं. पण तो खरंच आजारी असेल तर? आणि नळात खरंच वीज असेल, तर कुत्रा पळाला म्हणून नळ थोडाच बरा होणार होता! ती दात-ओठ खात पुन्हा फाटकावर चढली.

आणि रस्त्याच्या वळणावरून जाळीची गाडी आली. मावशीचा पत्ताच नव्हता!

गाडीतून जाड हातमोजे घातलेला एक माणूस आणि त्याच्यामागे जनावरांच्या डॉक्टरबाई उतरल्या. काका लगबगीने पुढे झाले. "या, या! पिसाळलाय, लहान मुलीवर धावून आला. पाण्याला घाबरतो."

"पाण्याला नाही, नळाला!" भिरभिरी मधेच शिरली. "नळात वीज आहे, बाई!"

"या पोरीने दुपारपासून उच्छाद मांडलाय," काका म्हणाले. "मी स्वतः मोजलंय. शून्य आलं, शून्य!"

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. हातमोजेवाला शेडकडे निघालाच होता. भिरभिरी त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. आणि एकाएकी मावशीचं वाक्य तिला लख्ख आठवलं.

"काका," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमचा मीटर कधीच खोटं बोलत नाही ना?"

"कधीच नाही!"

"मग बाईंना एकदा दाखवा ना तो कसा मोजतो ते. नळावर नको. तुमच्या ऑफिसात ज्या प्लगवर पंखा चालतो ना, त्याच्या शेजारच्या भोकांत. एवढा महागाचा मीटर बाईंनी कधी पाहिला नसेल!"

शंक्याच्या डोळ्यांत चमक आली. "हो काका! त्या बोर्डात किती वीज असते, मलाही शंकाच आहे!"

मीटर दाखवायला कुणी सांगावं आणि काकांनी नाही म्हणावं? सगळी वरात ऑफिसात आली. पंखा गरगर फिरत होता. काकांनी ऐटीत तारांची टोकं प्लगच्या भोकांत घातली आणि आकडा सगळ्यांना दिसेल असा मीटर उंच धरला.

शून्य!

डोक्यावर पंख्याचा आवाज मात्र येत होता.

"काका," भिरभिरी म्हणाली, "मग हा पंखा कशावर फिरतोय?"

हातमोजेवाला फिस्सकन हसला. डॉक्टरबाईंनी ओठ दाबले, पण त्यांनाही हसू आवरेना. काकांनी मीटर हलवला, त्याच्या पाठीत थापट्या मारल्या आणि टोकं पुन्हा खुपसली. तरीही शून्यच.

"हा... हा प्लगच खराब आहे!" ते म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" दारातून आवाज आला.

"मावशी!" भिरभिरीने धावत जाऊन तिला मिठीच मारली.

मावशीच्या खांद्याला जड पिशवी होती आणि केस वाऱ्याने विस्कटले होते. तिने काकांचा मीटर हातात घेतला आणि मधल्या गोल खटक्याकडे पाहिलं. "मीटर उत्तम आहे, भाऊसाहेब. सकाळी यानं बॅटऱ्या मोजल्यात का?"

"हो, पण..."

"बॅटरीची वीज एकाच दिशेने जाते, म्हणून तिच्या खुणेपाशी सरळ रेघ आहे. घरातली वीज सारखी मागे-पुढे होते, तिच्यासाठी ही नागमोडी रेघ. तुम्ही खटका सरळ रेघेवरच ठेवलात. त्याला जे विचारलं, त्याचं उत्तर त्याने दिलं. इथे बॅटरी किती? तर शून्य!"

मावशीने खटका फिरवून टोकं पुन्हा लावली. आकडा झरझर वर चढला आणि दोनशेतीसच्या आसपास थांबला.

"आता परीक्षेत पास झाला," ती म्हणाली. "चला नळाकडे."

"गाडी थांबेल," डॉक्टरबाई हातमोजेवाल्याला म्हणाल्या.

*

नळापाशी मावशीने पिशवी उघडली. त्यात पेनासारखं एक यंत्र होतं. वीज जवळ असली की ते टीं टीं करायचं.

"हेच लाव ना! किती सोपं!" टेकू म्हणाला.

"हे नुसतं 'असेल बुवा' म्हणून ओरडतं. किती आहे ते सांगत नाही. कधी उगाचच ओरडतं, तर कधी गप्प बसतं. कुणाच्या जिवाचा प्रश्न असला, की आकडा सांगणारं साधन घ्यायचं."

तिने आपला मीटर काढला. आधी पंपाचं बटण बंद करवलं आणि तिथे वॉचमनकाकांना उभं केलं. मग रबरी हातमोजे घालून मीटरची एक तार चिमट्याने नळाला अडकवली आणि दुसरी ओल्या मातीत ठोकलेल्या लोखंडी सळईला. मीटर कोरड्या फळीवर ठेवून सगळ्यांना दोरीमागे हटवलं आणि स्वतःही हटली.

"पंप चालू करा!"

घूंऽऽ असा आवाज आला आणि त्याबरोबर आकडा उसळला! तीस, सत्तर, एकशे दहा...

"बंद करा!" मावशी ओरडली. आवाज थांबला आणि आकडा पुन्हा शून्यावर आला. हे शून्य मात्र खरं होतं. तरी मावशीने ऑफिसात जाऊन मीटर प्लगला लावून पाहिलाच, मगच ती परत आली.

"ओल्या मातीत अनवाणी उभं राहून कुणी हा नळ घट्ट धरला असता, तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती. टेकूने चिमणीला जवळ ओढून इतकं आवळलं, की ती ओरडली.

मुख्य खटका पाडून मावशी बॅटरीच्या उजेडात पंपाच्या खोलीत शिरली. सुट्टीच्या सुरुवातीलाच खोलीला छान निळा रंग दिला होता. रंगवाल्यांनी पंपाची तार पाइपाला पट्टीने इतकी करकचून आवळली होती, की पंपाच्या हादऱ्यांनी घासून घासून तारेचं रबर आता कापलं गेलं होतं.

"पण एवढ्याने नळ असा झाला नसता," मावशी खाली वाकून म्हणाली. "पंपापासून जमिनीत जाणारी एक तार असते. अर्थिंगची. वीज वाट चुकली, तर ती तार तिला जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो. ती तार कुठे आहे? हिरव्या रंगाची असते."

"हिरवी?" शंक्याने मान वळवली.

सगळ्यांनीच मान वळवली. चिमणीच्या पत्र्याच्या बादलीला कडी होती. छान पिळून बसवलेली, हिरव्यागार तारेची!

"रंगवाल्या दादाने करून दिली," चिमणी बादली पाठीमागे लपवत म्हणाली. "मी चोरली नाही!"

सेक्रेटरीकाका खाली बसले. पायऱ्या होत्या म्हणून बरं!

"मीच सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले. "ती हिरवी तार लोंबकळत होती. निळ्या भिंतीवर वाईट दिसत होती. म्हटलं, कापून टाका, रंगाची शोभा जाते..." त्यांनी शेडकडे पाहिलं. "आणि मी त्या बिचाऱ्याला..."

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन दिवस ज्या नळाने झटके दिले, त्याच नळाकडे तो मुलीला जाऊ देत नव्हता. तिच्या अंगावर ओरखडा तरी आहे का?"

"मी तेच सांगत होते!" चिमणी पाय आपटत म्हणाली. "फ्रॉक ओढला!"

"खरंच तिला वाचवायला ओढला असेल का गं?" भिरभिरीने मावशीला विचारलं.

"ते मोजायचा मीटर आमच्याकडे नाही," मावशी म्हणाली. "पण माझं विचारशील, तर मला तसंच वाटतं."

डॉक्टरबाई शेडमध्ये गेल्या आणि बराच वेळ गालिचाला तपासत बसल्या. बाहेर आल्या, तेव्हा हातमोजेवाल्याला म्हणाल्या, "गाडी रिकामीच न्या. याला लस टोचली आहे. काही दिवस मी रोज येऊन बघेन. पण मला तरी तो फक्त घाबरलेला आणि तहानलेला दिसतोय."

"हुर्रे!" टेकूने इतक्या जोरात उडी मारली, की परत टेकायला त्याला काही सापडेना.

काकांनी उठून सदरा झटकला. त्यांचा चेहरा पडला होता, पण आवाज खणखणीत होता. "उद्या सकाळी पहिलं काम, जाणकार माणूस बोलावून नवी हिरवी तार. शोभा गेली खड्ड्यात! आणि मुलांनो, आज तुम्ही नसतात, तर मी कुणालाच तोंड दाखवू शकलो नसतो. माझा मीटर तुमच्याकडे ठेवा. वापरायचा मात्र मावशीसमोरच."

"मला एक शंका आहे," शंक्या म्हणाला. "तुम्हाला लागला तर?"

"तर तुमच्याकडे शिकायला येईन," काका म्हणाले.

"शाब्बास!" मावशीने शंक्या आणि टेकूच्या पाठीवर थाप मारली. "आकडा सगळेच बघतात. आकड्यालाच प्रश्न विचारणारे थोडे असतात."

पण ही शाबासकी ऐकायला भिरभिरी तिथे नव्हतीच. डॉक्टरबाईंना विचारून ती प्लास्टिकचं घमेलं पाण्याने भरून शेडमध्ये गेली होती. घमेलं पुढे धरून ती जमिनीवर बसली. गालिचाने लांबूनच मान पुढे केली, हुंगलं, थांबला. एक पाऊल टाकलं, पुन्हा थांबला. घमेल्याच्या कडेला नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं.

काहीच झालं नाही. तो पुन्हा पुढे आला, त्याने जीभ पाण्याला लावली आणि मग लपालपा पाणी पिऊ लागला.

घमेलं जड होतं, हात भरून आले होते आणि पायावर एक डास बसला होता. बाहेर सगळे तिला हाका मारत होते. पण गालिचाचं पिऊन होईपर्यंत भिरभिरी जागची हलली नाही.